‘देवाची योजना आहे’ म्हणण्याची घाई नको

संपादक महोदय,

निकाल, प्रवेशाच्या याद्या आणि बदल्यांचे आदेश नागपुरात साधारण एकाच सुमारास येतात. त्या दिवसांत सदर, मेकोसाबाग, मोहननगर, जरीपटका ते थेट अजनीच्या रेल्वे क्वार्टरपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत एक वाक्य हटकून ऐकू येतं : ‘असू दे, यात देवाची काही तरी योजना असेल.’ नर्सिंगची नोकरी हाती आली आणि व्हिसा अडकला, एमपीएससीची मुख्य परीक्षा दोन गुणांनी हुकली, चर्चमध्ये जाहीर झालेलं लग्न मोडलं, वडिलांचं डायलिसिस सुरू झालं म्हणून पुण्याची नोकरी सोडून परत यावं लागलं. माणूस कोणताही असो, वाक्य तेच.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात मध्यंतरी एका वाचकाने टोमणा मारला होता की देवावर भरवसा ठेवणारी माणसं हातावर हात ठेवून बसतात. वेगवेगळ्या मंडळ्यांत (चर्चच्या उपासक समुदायांत) घरभेटी आणि समुपदेशन करणारे आम्ही काही जण हे पत्र मिळून लिहितो आहोत, आणि तो टोमणा आम्ही झटकून टाकणार नाही. योजना देवाच्या हातात असते हे आम्ही मानतोच. पण ते वाक्य कधी म्हणायचं, कोणी म्हणायचं आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं, याचा विचार मंडळीत फारच कमी होतो. त्यामुळे ज्याला भरवसा म्हणतात ते पुष्कळदा विषय मिटवणं असतं.

बेत बदलल्यावर भरवसा कसा दिसतो हे पाहायचं असेल तर बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा २७ वा अध्याय उघडावा. उपदेश करताना तो फारसा घेतला जात नाही, कारण त्यात दोर, नांगर आणि धान्यच जास्त आहे. येशूचा प्रेषित पौल याला रोमला जायचं होतं. रोमच्या मंडळीला त्याने आधीच लिहून कळवलं होतं की देवाच्या इच्छेने आनंदाने तुमच्याकडे येईन आणि तिथून पुढे स्पेनला जाईन. प्रत्यक्षात तो निघाला कैदी म्हणून, शताधिपतीच्या (रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या) पहाऱ्यात. क्रेत बेटाच्या बंदरात त्याने सांगितलं की आता पुढे जाऊ नका, तारवाचं आणि माणसांचंही नुकसान होईल. शताधिपतीने तारवाच्या मालकाचं ऐकलं. आधी दक्षिणेचा वारा मंद सुटला, सगळ्यांना वाटलं जमलं. मग तुफान आलं.

पुढचा तपशील नीट वाचावा. खलाशांनी तारवाला खालून दोर आवळले, माल समुद्रात टाकला, तिसऱ्या दिवशी तारवाचं सामान आपल्या हातांनी फेकलं. कित्येक दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. तेव्हा पौल उभा राहून म्हणतो की देवाच्या दूताने मला सांगितलं आहे, तुमच्यापैकी कोणाचाही जीव जाणार नाही, तारू मात्र जाईल. वचन माणसांचं मिळालं होतं, तारवाचं नव्हे. चौदाव्या रात्री बुडीद (खोली मोजायचा वजन बांधलेला दोर) टाकून पाहिलं तर पाणी वीस वाव. थोडं पुढे पंधरा वाव. खडकावर आपटू या भीतीने त्यांनी तारवाच्या मागच्या बाजूकडून चार नांगर सोडले. मग खलाशी नांगर टाकण्याचं निमित्त करून होडी उतरवू लागले, पळून जायला. पौलाने शताधिपतीला सांगितलं की हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्हाला वाचता येणार नाही. शिपायांनी होडीचे दोर कापले.

कोणाचाही जीव जाणार नाही असं देवाचं वचन ज्याच्या हातात आहे, तोच माणूस म्हणतो की खलाशी गेले तर आपण संपलो. देवाने राखायचं ठरवलं होतं आणि राखायची साधनं म्हणून तारू हाकणारी माणसं दिली होती. त्यात पौलाला विरोध दिसला नाही. आजच्या भाषेत खलाशी म्हणजे बँकेचा कर्ज अधिकारी, डॉक्टर, कॉलेजचा प्रवेश विभाग, लग्नाची नोंद ठेवणारा पाळक (चर्चचा धर्मगुरू). प्रार्थनेच्या भरात यांना तारवातून उतरवू नये. उजाडता उजाडता पौलाने भाकर घेतली, सगळ्यांसमोर उपकारस्तुती केली आणि आधी स्वतः खाल्लं. तारवात दोनशे शहाहत्तर जण होते असा आकडाही हे पुस्तक लिहिणारा लूक तिथेच देतो. सगळे जेवल्यावर उरलेला गहू समुद्रात गेला आणि तारू हलकं झालं.

जेवणाचा मुद्दा आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. बेत फिसकटला की नागपुरातल्या भाविक घरांत पहिली प्रतिक्रिया असते उपासाची. उपास वाईट नाही, पण वेळ चुकते. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागत बसला तेव्हा दूताने त्याला भाकर आणि पाणी दिलं; तो जेवला, पुन्हा झोपला; पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातलं. ‘इथे काय करतोस?’ हा प्रश्न देवाने त्यानंतर, होरेबाला पोहोचल्यावर विचारला. तेव्हा धक्का बसल्यावर पहिले दोन-तीन दिवस वेळेवर दोन घास, झोप, अंघोळ आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर थोडं चालणं, एवढंच काम ठेवावं. या दिवसांत राजीनामा लिहू नये, एफडी मोडू नये, कोचिंगची पूर्ण फी भरू नये, घर सोडून दुसऱ्या शहरी जायचा निर्णय घेऊ नये, आणि मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लांबलचक साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं याचं निवेदन) टाकू नये. ती साक्ष आठवड्याने पुसता येत नाही.

मुदत असलेली कामं मात्र याच दिवसांत करायची असतात, आणि तिथेच गल्लत होते. दुःख थांबू शकतं, मुदत थांबत नाही. म्हणून घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाने, मामा असो की मोठी बहीण, कागद हातात घ्यावेत. प्रवेश रद्द करायचा असेल तर शेवटची तारीख आधी पाहावी, कारण परत मिळणारी फी त्या तारखेवर ठरते. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका मूळ स्वरूपात परत मागाव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांप्रमाणे उच्च शिक्षण संस्थेला मूळ कागद अडकवून ठेवता येत नाहीत. शैक्षणिक कर्ज मंजूर आहे पण उचललेलं नाही, तर बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. एक हप्ता जरी उचलला असेल तर त्याचं व्याज चालू आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असू द्यावं. बारावीच्या गुणांबद्दल खरीच शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, ती मिळाल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही. ‘प्रभू बघून घेईल’ म्हणत छायाप्रतीची मुदत घालवणारी घरं दर वर्षी निघतात.

इथे कोणी म्हणेल, निकाल देवाच्या हातचा आहे तर मग पुनर्मूल्यांकन कशाला? पौलालाच विचारावं. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचं ठरवलं, तर हा म्हणतो, आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. पुढे कैसरियात त्याने थेट कैसराकडे (रोमी सम्राटाकडे) दाद मागितली. रात्री बेड्यांत स्तोत्रं गाणारा आणि सकाळी कायद्याचं कलम काढणारा माणूस एकच होता. बंद झालेलं प्रत्येक दार देवानेच बंद केलेलं असतं असं बायबल म्हणत नाही. काही दारं अर्जात चुकलेल्या जातप्रवर्गाने बंद होतात, काही एखाद्याच्या लबाडीने. उत्तरतालिकेवर हरकत घेणं, माहितीचा अधिकार वापरणं, तक्रार नोंदवणं यात अविश्वास नाही. वचन मिळाल्यानंतरही बुडीद टाकून पाणी मोजलंच ना त्यांनी!

आता प्रार्थनेचं. आमच्या मंडळ्यांमध्ये तक्रारीची प्रार्थना जवळपास बंद पडली आहे. ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ हे येशूने अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत म्हटलेलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्या आधीचा अर्धा भाग, ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’, गिळला जातो. मत्तयाने लिहिलं आहे की येशूने ही प्रार्थना तीन वेळा केली. पौलानेही, ज्याला तो ‘शरीरातला काटा’ म्हणतो तो त्रास जावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि उत्तर नकाराचं आलं. मागणं आणि सोपवणं यांच्यामध्ये वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा.

त्यासाठी १३ वं स्तोत्र हाताशी ठेवावं. अवघी सहा वचनं. पहिल्या दोनांत ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. मधल्या दोनांत मागणी आहे, कारणासकट. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. वही घेऊन याच सांगाड्यावर स्वतःचं स्तोत्र लिहावं, मनातल्या मनात नाही, पेनाने. चार ‘कुठवर’ लिहायचे आणि प्रत्येकात प्रत्यक्ष गोष्ट घालायची : कुठवर वेटिंग लिस्ट बघत राहू, कुठवर काकूंच्या चौकशीला उत्तर देऊ, कुठवर धाकट्याच्या फीसाठी हात आखडू, कुठवर तू गप्प राहशील. ‘माझ्या समस्या’ असं मोघम लिहिलं की प्रार्थना हवेत जाते. मग एकच मागणी, नाव घेऊन. आणि शेवटी देवाने पूर्वी खरोखर केलेली एखादी गोष्ट. शेवटचा भाग पहिल्या दिवशी सुचला नाही तर ओढूनताणून लिहू नये. जागा मोकळी सोडावी. ८८ वं स्तोत्र अंधारावरच संपतं आणि तरीही ते बायबलात आहे, हे पाळकांनी एकदा तरी व्यासपीठावरून सांगावं.

आठवडा उलटल्यावर त्याच वहीत एक पान तीन रकान्यांत आखावं. पहिल्यात देवाने खरंच काय म्हटलं आहे ते. दुसऱ्यात मी काय धरून चाललो होतो ते. तिसऱ्यात लोकांनी देवाच्या नावाने मला काय सांगितलं ते. ‘मी तुला सोडणार नाही’ पहिल्या रकान्यात येतं. ‘सरकारी कॉलेजातच जागा मिळेल’, ‘तिशीच्या आत लग्न होईल’ हे दुसऱ्यात. ‘पुढच्या महिन्यात तुला परदेशाचं दार उघडेल असं दर्शन झालं’ हे तिसऱ्यात. पुष्कळांचा देवावरचा राग खरं म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यातल्या गोष्टींचा असतो. देवाने न केलेल्या करारावर त्याला जाब विचारला जातो. रकाने वेगळे झाले की राग नाहीसा होत नाही, पण पत्ता बरोबर लागतो.

या कामात सर्वात जास्त गैरवापर होतो तो यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायातल्या अकराव्या वचनाचा. ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ हे वचन फ्रेममध्ये, कपांवर, वाढदिवसाच्या कार्डांवर असतं. त्याच्या वरचं दहावं वचन फ्रेममध्ये कोणी लावत नाही. त्यात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. बाबेलला बंदिवान म्हणून नेलेले लोक दोन वर्षांत परत येतील असं हनन्या नावाचा संदेष्टा यरुशलेमात सांगत होता, आणि लोकांना तोच आवडत होता. यिर्मयाने बाबेलमधल्या लोकांना पत्र पाठवून सांगितलं : घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात मी तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे हिताचा संकल्प हा परतीच्या तिकिटासारखा लगेच वापरायचा नव्हता. ज्यांना पत्र मिळालं त्यांतले बहुतेक जण परत गेलेच नसणार. ज्याला भविष्याचं वचन द्यायचं आहे त्याला दहावं आणि अकरावं वचन एकत्र द्यावं, नाही तर दोन्ही ठेवून द्यावीत.

तिसऱ्या रकान्याबद्दल पाळकांना आणि प्रार्थनेच्या वीरांना (इतरांसाठी प्रार्थना करण्याबद्दल ओळखल्या जाणाऱ्यांना) थोडं स्पष्ट सांगायला हवं. दावीद राजाने मंदिर बांधायचं मनात घेतलं तेव्हा नाथान संदेष्टा म्हणाला, कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री देवाने त्याला सांगितलं की मंदिर दावीद नाही, त्याचा मुलगा बांधील. नाथान परत गेला आणि आपलं म्हणणं फिरवलं. एवढं केलं तरी पुरे. ‘ही सोयरीक प्रभूकडूनच आहे’ असं ज्याने सांगितलं, त्याने सोयरीक मोडल्यावर त्या घरी जाऊन ‘मी ते माझ्या मनाने बोललो होतो’ म्हणावं. तो जात नाही, मग मुलीला वाटतं की आपल्याच विश्वासात खोट होती. आणि दाविदाने पुढे काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. रुसून बसला नाही. दारांच्या खिळ्यांसाठी लोखंड, गंधसरूची लाकडं, घडवलेले दगड साठवले आणि आराखडा आपल्या मुलाच्या, शलमोनाच्या हाती दिला. आपल्या हातून होणार नाही असं कळलेल्या कामाचं सामान जमवणं, हा भरवशाचा फार वरचा प्रकार आहे आणि तो क्वचित दिसतो.

खुणा मागण्याचा नाद याच रकान्यातला. बायबलातल्या गिदोनाने लढाईआधी खूण म्हणून लोकरीवर दव मागितलं म्हणून आपणही ‘सकाळी फोन आला तर होय’ अशी अट घालायची, किंवा डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं. गिदोनाला लढाईला जाण्याची आज्ञा आधीच मिळाली होती. तो धीर नसल्यामुळे खूण मागत होता. त्याचा कच्चेपणा आपण पद्धत म्हणून का घ्यावा?

मोडलेल्या लग्नाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे दुःखाबरोबर लाज असते आणि कागदही असतात. आपल्याकडे लग्नाआधी रविवारी उपासनेत जाहीर सूचना वाचायची रीत आहे, बहुधा सलग तीन रविवार. एक-दोन सूचना झाल्यावर लग्न मोडलं तर पुढच्या रविवारच्या आत पाळकांना सांगितलंच पाहिजे. संकोचाने न सांगितल्यामुळे उरलेली सूचना भर उपासनेत वाचली जाते आणि जखमेवर मीठ पडतं. लग्न फक्त पुढे ढकललं असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली परवानाधारक पाळकाने नोटीस घेऊन दिलेला दाखला दोन महिनेच चालतो. त्यात लग्न लागलं नाही तर तो निकामी होतो आणि नव्याने नोटीस द्यावी लागते. कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेत त्या त्या चर्चचे नियम असतात, ते फादर किंवा पाळकांकडूनच समजून घ्यावेत. साखरपुड्यातले दागिने आणि पैसे दोन्हीकडच्या एकेका वडीलधाऱ्यासमोर यादी करून, सही घेऊन परत करावेत. विचारणाऱ्यांसाठी घरात एकच वाक्य ठरवावं, ‘दोन्ही घरांनी मिळून थांबायचं ठरवलं’, आणि सगळ्यांनी तेच म्हणावं. कारणमीमांसा जेवढी कमी तेवढं मुलाचं आणि मुलीचं पुढचं आयुष्य सोपं.

कारण सांगायचं कोणाला, तर ज्यांचं आपल्या बेतावर काही अवलंबून होतं त्यांना. पौलाने करिंथच्या मंडळीकडे दोनदा येण्याचं ठरवलं आणि बेत बदलला, तर तिथले लोक म्हणू लागले, हा माणूस एका तोंडाने होय आणि दुसऱ्याने नाही म्हणतो. त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात त्याने खुलासा दिला. ‘प्रभूची इच्छा असली तर’ हे याकोबाने शिकवलेलं वाक्य नम्रतेसाठी आहे. वेळेवर न येण्याची, शब्द न पाळण्याची ती पळवाट नव्हे. तुमच्या भरवशावर कोणी हॉल बुक केला असेल, भाड्याची खोली धरून ठेवली असेल, तर त्याला बदल त्याच दिवशी कळवणं हीसुद्धा भक्तीच.

पैशाबाबत नियम कडक असावा. बेत वाचवण्यासाठी ‘विश्वासाने’ काढलेलं कर्ज हे बहुतेक वेळा भीतीने काढलेलं असतं. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असं येशूच सांगतो. जागा मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला रोख देऊ नये, पावती नसेल तर एक रुपयाही नाही. आणि ‘एवढं झालं तर एवढं देईन’ असं देवाला कबूल करण्याआधी उपदेशक पाचवा अध्याय वाचावा. तो म्हणतो, नवस करून फेडला नाही यापेक्षा न केलेला बरा.

मग पुढे काय? आपल्याकडच्या काटोल-कळमेश्वरच्या संत्रावाल्याला हे उपदेशाशिवाय कळतं. मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी) तो मे महिन्यात पाणी तोडून झाडाला ताण देतो. पावसाने दगा दिला आणि बहार फुटला नाही, तर बाग तोडत नाही. हिवाळ्यात पुन्हा ताण धरतो आणि आंबिया बहार घेतो. मधल्या महिन्यांत खत घालणं, आळी करणं, सल (वाळलेल्या फांद्या) काढणं चालूच असतं. बेत हुकलेल्यानेही मधल्या काळाचं काम आणि पुढची तारीख अशा दोन्ही गोष्टी कागदावर घ्याव्यात. उदाहरणार्थ तीन महिने : या काळात हातात आलेलं छोटं काम करायचं, रोज अभ्यासिकेत ठरलेले तास बसायचं, आठवड्यातून एक सकाळ मंडळीतल्या कोणाची तरी गरज भागवायची, आणि तीन महिन्यांनी ठरलेल्या दिवशी दोन जाणत्या माणसांसमोर बसून पुन्हा बघायचं की जुनाच बेत धरायचा की सोडायचा. तारीख नसली की वाट पाहणं रेंगाळतं आणि त्यालाच लोक धीर म्हणू लागतात. बिथुनियाला जायची वाट अडली तेव्हा पौल त्रोवसला उतरला, तिथे रात्री दर्शन झालं, आणि त्याने लगेच मासेदोनियाला जायची खटपट केली. तिथे फिलिप्पैत पहिली ऐकणारी कोण, तर लुदिया, थुवतीरा नगरची. म्हणजे ज्या आसिया प्रांतात वचन सांगायची त्याला मनाई झाली होती तिथलीच बाई. हे पौलाला त्रोवसला बसून कळण्यासारखं नव्हतं.

मात्र अशा जोडण्या मागाहून जुळल्या तर जुळल्या. त्या आपण जुळवायला बसू नये. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, शाळा काढली, आणि १८६३ साली बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं १८८३ साली. कॉलेज व्हावं म्हणून ते बुडाले असं म्हणणं म्हणजे देवाच्या वतीने हिशेब लिहिणं. ते मेले हे नुकसान होतं, आणि त्यानंतरही काम टिकलं ही कृपा होती. दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी राहू द्यावीत.

अर्धवट राहिलेल्या बेताचं एक चांगलं उदाहरण तर सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलचंच आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) तिथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालं. ऐक्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. सात मंडळ्या एकत्र येणार होत्या. १९७० मध्येच ऐन वेळी मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशियाने न येण्याचं ठरवलं. उरलेल्या सहांनी कार्यक्रम रद्द केला नाही, आणि सात असल्याचा आवही आणला नाही. आज मेकोसाबागचे मेथडिस्ट आणि सदरचे सीएनआयवाले एकमेकांच्या लग्नाला, मयताला जातातच.

शेवटचं, भेटायला जाणाऱ्यांसाठी. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. बेत मोडलेल्या घरी जाताना डबा न्यावा, अर्धा तास बसावं, रोमकरांस ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून हिताच्या ठरतात, हे वचन) पहिल्या भेटीत काढू नये. ते वचन खरं आहे आणि म्हणूनच ते घाईने खर्चू नये. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणण्यापेक्षा ‘मंगळवारी बँकेत मी बरोबर येतो’ म्हणावं. भावांनीच विहिरीत टाकून विकलेल्या योसेफाने ‘तुम्ही वाईट योजलं, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं’ हे म्हटलं आहे खरं, पण ते त्याने स्वतः म्हटलं, सतराव्या वर्षी विकला गेल्यावर कित्येक वर्षांनी. विहिरीच्या काठावर उभं राहून भावांनी त्याला ते सांगितलं असतं तर?

आणि जर दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, किंवा जगून काय करू अशी भाषा येते आहे, तर वचन आणि डबा दोन्ही पुरे पडणार नाहीत. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात घेऊन जावं, आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक घरात सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असावा. त्या माणसाला त्या दिवसांत एकटं सोडू नये. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं सांगणारा कोणी प्रार्थनेला येत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

मंडळ्यांच्या पंचांना आमची एक विनंती आहे. साक्षीच्या वेळेत ज्यांचं काम झालं तेच उभे राहतात. ज्यांचं अजून झालेलं नाही अशा एखाद्यालाही महिन्यातून एकदा बोलू द्यावं, शेवट गोड करण्याची सक्ती न करता. आणि मे ते ऑगस्ट चर्चच्या फलकावर उपासनेच्या वेळांखाली प्रवेश, छायाप्रत, शुल्कपरतावा आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या तारखा लावाव्यात. तरुण संघातली दोन मुलं दर शनिवारी त्या बदलू शकतील.

आपले,
मंडळ्यांत समुपदेशन करणारे काही वाचक
सदर, नागपूर